उत्तर येईपर्यंत

"पल्लवी, पाणी हवंय?" मीनाताईंनी विचारलं.

"नको, आत्ताच प्यायलेय," वत्सलाबाई म्हणाल्या. तोवर पल्लवीचा हात पेल्याकडे निघाला होता. तो तिनं मुकाट्यानं परत मांडीवर ठेवला.

पल्लवी एकतीस वर्षांची. तिची समज हळू चाले, पण चाले. धीर नव्हता तो आईला. लेकीचं उत्तर त्याच देऊन टाकत, तेही 'मी' म्हणून. "मला भेंडी आवडत नाही," असं पंगतीत वाढणाऱ्याला सांगत आणि स्वतःच्या ताटात भेंडी वाढून घेत. सगळं मायेपोटीच. पण पल्लवीला तोंड उघडायची वेळच येत नसे.

२००३ सालचा एप्रिल. वत्सलाबाईंचं हृदयाचं दुखणं बळावलं होतं. आपल्यामागं हिचं काय, हे ठरवायला मुलाला, धनराजला घेऊन त्या पल्लवीसारख्यांना सांभाळणाऱ्या मीनाताईंच्या संस्थेत आल्या होत्या. संस्थेच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती. हो की नाही, ते आज सांगायचं होतं.

"मी ओझरला माझ्याकडे नेईन हो तिला," धनराज म्हणाला. "पण आम्ही दोघंही कामावर. दिवसभर कुलपात ठेवू का? त्यापेक्षा वसतिगृह बरं."

धनराज वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलत होता.

मीनाताईंनी खुर्ची पल्लवीकडे वळवली. "आता हिला विचारू. हिचं उत्तर येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. आई, तुम्हीसुद्धा. पल्लवी, तुला कुठं राहायचंय?"

पंखा कुरकुरत राहिला. धनराजनं घड्याळ पाहिलं. वत्सलाबाईंचे ओठ हलायला लागले, तसा त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

पल्लवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सातपूरला. आपल्या घरी."

धनराज काही बोलणार, तोच मीनाताईंनी हात वर केला. उत्तर अजून संपलं नव्हतं.

"नळ येतो. मी भरते. शेजारच्या भागीबाईचा हंडापण भरते. तिला उचलत नाही." ती थांबली. "आई मेली की माझ्याकडे कोण येणार?"

आईच्या दुखण्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.



"सुट्टीच्या दिवशी मी येईन," धनराज म्हणाला. "पण बाकीचे दिवस?"

"शोधू माणूस," मीनाताई म्हणाल्या. "तिच्यादेखत शोधू."

वत्सलाबाईंनी डोळे पुसले. उठून पेला भरला आणि लेकीपुढं धरला.

"पाणी पिशील, बाळा?" त्यांनी विचारलं, आणि हात तसाच धरून उभ्या राहिल्या.