बुळकांडीचा इतिहास

राष्ट्रीय पशुवैद्यक संस्थेच्या सोहळ्यात संस्थेचा इतिहास सांगायला तिथंच शिकलेल्या डॉक्टर वैभवीला बोलावलं होतं. संस्थेच्या लशीनं जनावरांची बुळकांडी देशातून कशी कायमची घालवली, हे तिनं अगदी रंगवून सांगितलं. टाळ्यांच्या नादात मोबाइल बंदच राहिला.

तिसऱ्या दिवशी ती केनवडच्या दवाखान्यात परतली, तर पायरीवर जगदेव नुसता कासरा धरून बसलेला.

"घटसर्पानं बैल गेला, मॅडम."

"अहो, इंजेक्शन कपाटातच होतं! आपल्या शिपाई गफ्फारला टोचता येतं. किल्ली माझ्याकडं होती, तर कुलूप फोडायचं ना!"

"पहार घेऊन आल्तो. पर गफ्फारभाई म्हने, सरकारी कुलूप हाय, मॅडमची नोकरी जाईन. मंग बैलच जाऊ देला आमी."