ड्यूटीवरची गोळी

देवचंदने पाठ फिरवली, खाकी शर्टाच्या खिशातून पिवळी गोळी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. त्याला वाटलं, बायको भाकरी थापतेय. बायको भाकरी थापतच होती, पण तिचे डोळे काही पिठात नव्हते.

"गोयी लिधी का?" द्रौपदाबाईने विचारलं.

"नाक बठ्ठं बंद व्हतं."

"आवो, पन आते ड्यूटीवर जाशात ना?"

"तू कसाले घोर करस? मले काही व्हत नही."

त्याने डबा उचलला, सायकल काढली आणि तो गेला.

हेच वाक्य दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने म्हटलं असतं, तर देवचंदने त्याची सालटी काढली असती. तो अमळनेर डेपोचा, धुळ्याची गाडी चालवणारा. हिवाळ्यात सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या सुरू झाल्या की गावाच्या हवेत कापसाची तूस उडायची आणि देवचंदच्या नाकाचा हंगाम सुरू व्हायचा. शिंका लागल्या की दम खाऊ देत नसत.

डॉक्टरांनी ती गोळी पहिल्यांदा लिहून दिली, तेव्हा द्रौपदाबाई शेजारच्याच स्टुलावर बसली होती. "ही सर्दी बरी करत नाही, नुसती आवरून धरते," डॉक्टर म्हणाले होते. "हिने झोप येते. आपल्याला झोप आली नाही असं वाटलं, तरी हात आणि नजर मंदावते. गाडी चालवायच्या दिवशी हिला हात लावायचा नाही. दारूबरोबर नाही. वरून दुसरी सर्दीची गोळी नाही. आणि एकीने भागलं नाही म्हणून दोन, हे तर मुळीच नाही."

देवचंदने हे देवाच्या शब्दासारखं पाळलं. गोळी फक्त सुट्टीच्या दिवशी. ती घेतली की तो दुपारभर ओसरीवर घोरत पडायचा आणि द्रौपदाबाई पदराने माश्या हाकलायची. ड्यूटीच्या दिवशी नाकावर ओला रुमाल, बस्स. रुपचंद ड्रायव्हर एकदा अशीच गोळी घेऊन स्टेअरिंगवर बसायला निघाला, तर यानं चारचौघांत त्याची गचांडी धरली होती. "तुना मांगे पन्नास मानसं बशेल शेतस, ते काय कापसाना गठ्ठा शेतस का?" हे तो घरी येऊन इतक्या वेळा सांगायचा, की लेक बेबीसुद्धा त्याची नक्कल करायची.

आणि आता तोच माणूस, दिवाळी झाल्यापासून, रोज सकाळी पाठ फिरवत होता. द्रौपदाबाईला आधी संशय होता. आज तिने डोळ्यांनी पाहिलं.

भाकरी करपली तशी ती भानावर आली.

डेपोत जाऊन सांगावं, तर नोकरीवर गदा येणार. बेबीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. शिरपूरच्या पाहुण्यांनी मुलीच्या रंगाकडे पाहिलं नव्हतं, की देण्याघेण्याचा घोळ घातला नव्हता. एसटीतल्या ड्रायव्हरची लेक, एवढ्यावर त्यांनी सुपारी फोडली होती. बापाला घरी बसवलं तर सोयरीक टिकेल? आणि टिकली, तरी बायकोनेच नोकरी घालवली म्हणून देवचंद जन्मभर तिचं तोंड बघेल का?

न सांगावं, तर? धुळ्याचा रस्ता तिला माहीत होता. समोरून ट्रक येतात, बैलगाड्या आडव्या येतात. एक डुलकी पुरते.

तिने चूल विझवली, पायात चपला घातल्या आणि स्टँडची वाट धरली. रस्ताभर तिला नवऱ्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त त्याची कीव येत होती. इतक्या वर्षांचा नेमाचा माणूस असा घसरावा, हेच तिला पचत नव्हतं.

धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली होती. माणसं खच्चून भरली होती. पुढच्याच बाकावर एक बाळंतीण तान्ह्याला पदराखाली घेऊन बसली होती. ड्रायव्हरची जागा अजून रिकामी होती. द्रौपदाबाई थेट कंट्रोलरच्या खिडकीशी गेली.

"भाऊ, आमच्या घरच्यांना आज गाडी देऊ नका."

वाल्मीक कंट्रोलर डेपोत जुना होता, पण ड्रायव्हरांच्या बायका त्याने कुठे पाहिल्या होत्या? त्याने मान वर केली. "कोणाला, अक्का?"

तिने नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं. ते आज चारचौघांत, खिडकीतून आत सांगावं लागलं. "देवचंद. देवचंद ड्रायव्हर." आणि मग एकदा तोंड फुटल्यावर तिला थांबता येईना. "सकाळीच झोपेची गोळी घेऊन आलेत. रोज घेतात. मी डोळ्यांनी पाहिलं. हवं तर दंड करा, पण चाक देऊ नका. त्या गाडीत तान्हं लेकरू आहे, भाऊ."

वाल्मीक उठला, दार उघडून बाहेर आला आणि तिला फलाटापासून जरा बाजूला घेऊन गेला. तेवढ्यात रुपचंद झपझप आला, धुळ्याच्या गाडीत चढला आणि त्याने गाडी सुरू केली. द्रौपदाबाई बघतच राहिली.

"लेकीचं लग्न उरकेपर्यंत घरी कळू देऊ नका, म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती," वाल्मीक हळूच म्हणाला. "यंदा शिंका काही केल्या आवरेनात. दिवाळी झाली आणि ते स्वतःहून साहेबांपुढे उभे राहिले. म्हणाले, गोळीवाचून मला श्वास पुरत नाही, आणि गोळी घेऊन मी चाक धरणार नाही. तेव्हापासून देवचंदभाऊ मागच्या शेडमध्ये गाड्या धुतात, अक्का."