तांब्याचा जुना पाइप

बेसिन तुंबलं म्हणून प्लंबर त्याखाली शिरला, फक्त पाय बाहेर राहिले. त्याने तांब्याच्या जुन्या पाइपला पाना लावला आणि प्रयोगशाळा आवरणाऱ्या मावशींच्या हातून फडकं गळालं. सोडियम अझाइड हे प्रयोगशाळेतलं रसायन दिसायला मिठासारखं. पण त्याचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर तांब्याला धरून साचतं आणि धक्क्याने फुटतं, हे त्यांना पाठ होतं. ते टाकायचं पिंप मात्र तीन मजले खाली. मावशींनी प्लंबरचे पाय धरले. "अहो मावशी, पाया काय पडताय? आधी काम तर होऊ द्या!" "पाना सोड. हळूच बाहेर ये. स्फोट होईल, मी अझाइड ओतलंय त्यात." तो श्वास रोखून सरपटत निघाला. दारातून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सगळं ऐकलं होतं. मावशींची नोकरी गेल्यातच जमा होती. "कधीपासून ओतताय?" मावशींना खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "गुडघे गेले तेव्हापासून."