बुंध्यापाशी

आईने लावलेलं लिंबाचं झाड वाळत चाललं होतं आणि बाबा सगळा दोष आपल्याच अंगावर घेत होते. "माझंच चुकलं रे. ती गेल्यापासून मी पाणी घालत सुटलोय नुसता."

गवत कापायच्या मशीनमध्ये नायलॉनची नवी दोरी भरून मुलगा झाडापाशी वाकला आणि चरकला. कडा रेखीव दिसावी म्हणून दर रविवारी तो गरगर फिरणारी दोरी थेट बुंध्याला भिडवायचा. तिने बुंध्याची साल चहूबाजूंनी सोलून काढली होती. त्याने बुटाने घाईघाईने माती लोटली आणि ती जखम झाकून टाकली.

"हो बाबा," हात झटकत तो म्हणाला, "पाणीच जास्त झालं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेलेले बघून त्याने हळूच माती उकरली.

जखमेभोवती बाबांच्या जुन्या बनियनची पट्टी गुंडाळलेली होती. आणि त्यावर माती, अगदी त्याने लोटली होती तशीच, पुन्हा लोटून ठेवलेली.