मारलं

सकाळी सात वाजता एक बाई पोलीस चौकीत आली आणि म्हणाली, “साहेब, मी नवऱ्याला मारलं.”

हवालदार तिला ओळखत होता. नवरा मारतो म्हणून ती रडत यायची, तेव्हा “ताई, तुम्हीही जरा तोंड आवरत जा, पुरुषाचं डोकं फिरतं,” असं समजावून तोच तिला घरी धाडायचा. आज तो हसला. “वा! म्हणजे फिट्टंफाट झाली. त्याने तक्रार दिली तर बघू. पण बायकोचा मार खाल्ला, हे सांगायला कोण येतंय इथं?”

“तो येणार नाही.”

“तेच म्हणतोय मी. जा, चहा करून द्या त्याला. राग शांत होईल.”

“साहेब, तो उठतच नाही. हातपाय गार पडलेत.”

हवालदार ताडकन उभा राहिला. “मारलं म्हणजे जिवानिशी? मग आधी नीट सांगता येत नाही?”

“मी दर वेळी नीटच सांगत होते,” बाई म्हणाली.

तिला कोठडीत बसवलं. दुपारी वार्ताहर जमले, तेव्हा चौकीतून सांगण्यात आलं, की बाईने थंड डोक्याने खून केला असून त्यामागचं कारण अद्याप समजू शकलेलं नाही.