एकाच हातचं खाणारी

“काळी लॅब्राडोर घेऊ. गरीब असते बिचारी, कुणालाही आवरते,” लेव्हिन म्हणाला.

“कुणालाही म्हणजे? बदकं तू मारणार आहेस की कुणीही?” नेटीनं विचारलं. “चेसापीक घे. तपकिरी. जानेवारीच्या पाण्यात लॅब्राडोर कुडकुडते, हे तूच सांगत आलास ना जन्मभर?”

व्हर्ना पिल्लांच्या जाळीच्या कुंपणाला टेकून नवरा-बायकोची हुज्जत ऐकत होती. उपसागराच्या या काठावर बदकांच्या शिकारीसाठी कुत्रा घ्यायचा तर माणसं तिच्याकडेच यायची. लेव्हिनच्या बरोबरीनं ती शाळेत होती, त्यामुळे त्याची भीडभाड तिनं कधी ठेवली नाही.

“गोल्डन रिट्रीव्हर बघा की. दिसायला तर नवरीसारखी,” ती म्हणाली.

“आणि तिच्या केसांत अडकलेला लव्हाळा कोण सोडवणार? हा? याला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत.”

“विंचरायला राहिलेत कुठे?” व्हर्ना म्हणाली आणि तिघंही हसले.

हसता हसता लेव्हिननं कुंपणाचा खांब घट्ट धरला. पोटातली कळ आली तशी गेली. त्या कळेबद्दल नेटीला काही माहीत नव्हतं. शहरातल्या डॉक्टरनं मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं होतं, की येत्या हिवाळ्यातली बदकं तुम्हाला दिसतील असं वाटत नाही.

शिकार हे नुसतं निमित्त होतं. कुत्रा हवा होता तो नेटीसाठी. दलदलीच्या टोकाला त्यांचं एकुलतं एक घर, मूलबाळ नाही, शेजार म्हणजे लव्हाळा आणि पाणी. आपण गेल्यावर ही बाई त्या घरात बोलणार कुणाशी? या विचारानं लेव्हिनची झोप उडाली होती. मरणापेक्षा त्याला त्याचीच धास्ती जास्त होती.

म्हणून लॅब्राडोर. शांत, मायाळू, बाईमाणसाच्या हाताला आवरेल अशी.

पण नेटी हटूनच बसली. गेले काही आठवडे ती त्याच्या शिकारीच्या मागेच लागली होती. खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडतात ती लाकडी बदकं माळ्यावरून काढून तिनं आपणहून रंगवली. चर्चच्या गाण्याला जाणं सोडून दिलं, संध्याकाळी त्याच्याजवळच बसून राहायची. फाटकापासून इथवर येताना त्याला धाप लागली, तर तीही दोनदा थांबली, फुलं बघायच्या निमित्तानं. न सांगताही हिला किती कळतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भरून आलं.

“चेसापीकचं एक आधीच सांगते,” व्हर्ना म्हणाली. “ही जात एका माणसाची. सुरुवातीला जो हातानं भरवेल, तोच धनी. त्याची होडी राखील, त्याचा कोट राखील. दुसऱ्यानं मटण पुढ्यात ठेवलं तरी तोंड फिरवेल. म्हणून दिलेलं पिल्लू मी परत घेत नाही. एकदा घेतलं होतं, धनी वारला म्हणून. ती कुत्री फाटकाशी बसून राहिली आणि उपाशीच गेली.”

“मग हीच हवी,” नेटी म्हणाली.

लेव्हिनचा जन्म उपसागरात कालवं काढणाऱ्या होडीवर गेला होता, चेसापीकचा हा स्वभाव त्याला ठाऊक होता. पण नेटीच्या दृष्टीनं त्यानं तो आजवर तोलून पाहिला नव्हता. तिनं भरवलं तर कुत्री तिची. तिच्या पायाशी निजेल, परक्याला दाराशी फिरकू देणार नाही. लॅब्राडोरचं काय, ती टपालवाल्याच्याही मागे जाईल.

“बरं बाई, चेसापीक,” तो म्हणाला. “पण भरवायचं तू.”

“मी कशाला? शिकारी तू, तू भरव.”

“माझे हात थरथरतात हल्ली.”

“थरथरू देत. ती काय नावं ठेवणारे?”

“नेटी, ऐक ना जरा.”

“नाही ऐकत. तूच भरवायचं!” ती एवढ्या जोरात बोलली की पिल्लंही गप्प झाली. मग तिनं कपाळ पुसलं. “ऊन लागतंय मला. गाडीत बसते.”

इकडचं एप्रिलचं ऊन ते केवढं, हवेतला गारवाही अजून गेला नव्हता. पण ती गेली, सावकाश, कुंपणाचा आधार घेत.

लेव्हिननं एक मादी पिल्लू उचललं. दाट तेलकट केस, पिवळे डोळे. गाडीकडे पाठ करून तो म्हणाला, “व्हर्ना, माझं एक काम कर. तिला जरा दटावून सांग, भरवायचं तिनंच. माझं ऐकत नाही ती.”

“एवढं काय अडलंय?”

“मी चाललोय. पोटात गाठ आहे, फार वाढलीय. हिवाळा काही मी बघत नाही.” त्यानं पिल्लू छातीशी धरलं. “तिला कळू देऊ नकोस. माझ्यामागं ती एकटी पडू नये, बस. एवढं झालं की माझा जीव सुटला.”

व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं त्याच्या हातातून पिल्लू काढून घेतलं, कुंपणात सोडलं आणि कडी लावली.

“हे काय गं?”

“चेसापीक मी तुमच्या घरी देणार नाही. वाटल्यास रागाव.”

“अगं, पण नेटी आहे ना! ती सांभाळेल की.”

व्हर्नानं गाडीकडे पाहिलं. काचेला डोकं टेकून नेटी डोळे मिटून बसली होती.

“मंगळवारी ती एकटीच आली होती, लेव्हिन. तू उभा आहेस तिथंच उभी होती. ‘माझ्यामागं त्याला सकाळी उठवायला कुणीतरी हवं,’ म्हणाली.”