सावलीचा लेयर

आमचा चित्रकार असा, की त्याने टॅबलेटवर ऊन काढलं की शेजारीण ओले कपडे घेऊन यायची. खोटं कशाला सांगू, एकदा तिचा टॉवेल वाळलासुद्धा!

बायको गेली, तशी त्याची लेक हट्टाला पेटली. “बाबा, आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसव ना.”

त्याने खोली काढली, खुर्चीत बायकोला बसवलं. गालावर ऊन, केसांच्या कडेला सोनेरी रेघ.

लेक म्हणाली, “चिकटवल्यासारखी दिसतेय. एवढा मोठा चित्रकार तू, आणि आईची सावलीच विसरलास?”

चित्रकाराने जीभ चावली. चित्रावर काच ठेवावी तसा वेगळा लेयर घेऊन त्याने फरशीवर सावली काढली, पायांशी गडद, दाराकडे विरळ होत गेलेली.

“अजून नाही जमलं, बाबा.”

त्याने मग चेहरा पुन्हा रंगवला, तीनदा पुसला. त्या गडबडीत बोट भलतीकडेच लागलं आणि आईचाच लेयर बंद झाला. खुर्ची रिकामी झाली. फरशीवर सावली तेवढी उरली. तो घाईघाईने लेयर चालू करायला गेला, तर लेकीने त्याचा हात धरला.

“राहू दे. आता अगदी आपलं घर दिसतंय.”